झाकलेला आकडा

डॉ. मालविका रिसबूड यांनी मला प्रयोगशाळेतून बाहेर काढले ते माझ्या आवाजासाठी. मी जैवरसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी. माणसांपेक्षा काचेच्या नळ्यांशी माझे अधिक जुळत असे. तरीही अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर बसलेल्या नातेवाइकांना आमच्या अभ्यासाची माहिती देण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले. "तू हळू बोलतोस, सन्मती," त्या म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाला हळू बोलणारा माणूस लागतो." ज्या संकोचाची मला जन्मभर लाज वाटत आली होती, त्याचाही कुणाला उपयोग असू शकतो, हे त्या दिवशी मला प्रथमच कळले. बाबा गेले तेव्हा स्मशानातून परतल्यावर मी ज्यांना पहिला फोन केला त्या याच मॅडम. तीन वर्षांत मिरजेतल्या त्या बाकांवर एकशे चाळीस कुटुंबांनी माझे बोलणे ऐकून संमतिपत्रावर सह्या केल्या.

आमच्या चाचणीचे नाव 'चाहूल'. मूत्रपिंड हा फार अबोल अवयव आहे. हृदय दुखते, फुफ्फुसांना धाप लागते. मूत्रपिंड मात्र तक्रार न करता मरते. रक्तातले क्रिएटिनीन वाढले की डॉक्टरांना शंका येते. पण स्नायूंच्या झिजेतून येणारे हे द्रव्य रक्तात साचायला वेळ लागतो आणि ते साचू लागेपर्यंत मूत्रपिंडाची निम्मी ताकद गेलेली असते. आगीची वर्दी यायची ती राख उडू लागल्यावर. चाहूल त्याच्या दोन दिवस आधीचे ऐकत असे. जंतुसंसर्गाने, कोसळलेल्या रक्तदाबाने किंवा एखाद्या जहाल औषधाने मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांवर ताण आला, की तिथल्या पेशी प्रथम आपले विभाजन थांबवतात, वादळाच्या आधी घराची दारे लावून घ्यावीत तसे. आणि त्या थांबण्याच्या खुणा म्हणून काही प्रथिने रक्तात सोडतात. आमचे यंत्र दर सहा तासांनी घेतलेल्या रक्तातून अशी चार प्रथिने मोजून शून्य ते शंभरमधला एक आकडा देई. सत्तरच्या वर धोका. नव्वदच्या वर, दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडण्याची जवळजवळ खात्री. वेळेत कळले तर करायचे तेही फार अवघड नव्हते. औषध बदलायचे, सलाइनचे प्रमाण सांभाळायचे, स्कॅनसाठी शिरेत सोडतात ते रंगद्रव्य टाळायचे.

परंतु आकडा खरा असणे ही एक गोष्ट झाली. त्या आकड्यामुळे माणूस वाचतो हे दाखवणे ही दुसरी. त्यासाठी रुग्णांचे दोन गट केलेले होते. खुल्या गटातल्या रुग्णाचा आकडा खाटेजवळच्या पडद्यावर दिसे आणि डॉक्टर त्याप्रमाणे उपचार बदलत. बंद गटातल्या रुग्णाचे रक्तही तसेच तपासले जाई, पण आकडा संगणकात कुलूपबंद राही आणि पडद्यावर केवळ 'नोंद झाली' एवढीच दोन शब्दांची ओळ उमटे. त्या रुग्णावरचे नेहमीचे उपचार चालूच असत. कोण कुठल्या गटात जाणार हे संगणक ठरवी. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची तुलना व्हायची होती.

माझे दाजी, भरतेश चौगुले, एका सोमवारी सकाळी आमच्याच अतिदक्षता विभागात दाखल झाले. ते तासगावच्या बाजूला द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करीत. चाचणीसाठी उडवलेल्या एका ड्रोनचे पाते त्यांच्या पोटरीला लागले. त्यांनी त्यावर हळद दाबली आणि हंगाम आहे म्हणून आठ दिवस कामावर गेले. आता जंतू रक्तात शिरले होते, ताप एकशे चारवर होता, आणि तरीही ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून ते मला म्हणाले, "काय शास्त्रज्ञ, मुतायच्या आधी मुताचं भविष्य सांगणारं मशीन काढलंय म्हणं तुमी?"

"मास्क लावा, दाजी."

"लावतो की. आधी माजं भविष्य सांगा. लगीन झालंय, तेवडं सोडून."

अक्का, माझी थोरली बहीण सुनंदा, हसली नाही. ती गावच्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ दुधाला फॅट लावते, म्हणजे यंत्रावर त्यातला स्निग्धांश मोजते. माणसे चेष्टा करत असतानाही आकड्यावरून नजर न काढण्याची तिला सवय आहे. नात्यातल्या माणसाची संमती मी घ्यायची नाही, असा नियम होता, म्हणून कागद गिरिजा सिस्टरने आणले. पण अक्का सिस्टरकडे पाहातच नव्हती.

"म्हंजे मशीनला कळणार आणि डॉक्टरला न्हाई?" तिने मलाच विचारले.

"निम्म्या पेशंटांच्या बाबतीत. दाजी कुठल्या गटात येतील ते आपल्या हातात नाही."

"आमच्या डेअरीत फॅटचा आकडा असा झाकला ना, तर लोक दुधाचे कॅन माझ्या डोक्यावर ओततील."

"तो कायमचा झाकलेला नसतो गं. नव्वदच्या वर लागोपाठ दोनदा गेला, की पडदा आपोआप उघडतो. डॉक्टरांना तिथल्या तिथे कळतं. अभ्यासापेक्षा माणूस मोठा, असा नियमच आहे."

"लिवलंय तसं?"

"लिहिलंय."

कागद तिच्या मांडीवर होते. मी ते पान काढून दाखवले नाही. शंभराहून अधिक वेळा उच्चारलेले वाक्य होते ते. देवळात रोज म्हटल्या जाणाऱ्या स्तोत्रासारखे, पोथी न उघडता ओठांवर येणारे. सिस्टर काही बोलली नाही, कारण माहिती सांगण्याचे काम माझे आणि सही घेण्याचे तिचे, अशी आमची वाटणी होती.

"तू सांगतोस न्हवं," अक्का म्हणाली आणि तिने सही केली.

दुपारी दाजींच्या खाटेजवळच्या पडद्यावर ओळ उमटली : नोंद झाली.

बंद गटाचे आकडे आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांनाही दिसत नसत. पण यंत्राजवळ तीन वर्षे उभा राहिलेला माणूस आकड्यावाचूनही काही गोष्टी जाणतो. एका नमुन्याला बावीस मिनिटे लागत. प्रथिनांचे प्रमाण यंत्राच्या मोजमापापलीकडे गेले, तर ते स्वतःच रक्ताचा नमुना पातळ करून पुन्हा तपासी. मग चव्वेचाळीस मिनिटे लागत. खुल्या गटात मी असे चाळीसेक वेळा पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी आकडा नव्वदच्या पुढचा होता.

मंगळवारी दुपारी दोन वाजता दाजींच्या नमुन्याला चव्वेचाळीस मिनिटे लागली.

मला भीती वाटली, आणि तिच्या मागोमाग एक प्रकारचा निर्धास्तपणाही आला. तो आठवला की आजही मी माझा मलाच परका वाटतो. मी मनाशी म्हटले, आता आठचा नमुना. तोही वर गेला की पडदा उघडेल. आठच्या नमुन्यालाही चव्वेचाळीस मिनिटे लागली. मी जिना चढून विभागात गेलो. दाजींच्या पडद्यावर तीच ओळ होती. मूत्राची पिशवी नेहमीसारखी भरत होती, सकाळचे क्रिएटिनीन अगदी सामान्य होते, आणि शिरेतून ते जुने, जहाल प्रतिजैविक थेंबथेंब उतरत होते, जे जंतूंना मारते आणि मूत्रपिंडालाही सोडत नाही. त्याला पर्याय होता. पण पर्याय शोधायला डॉक्टरांना कारण दिसायला हवे होते.

संगणकाला उशीर होत असेल, असे मी स्वतःला समजावले. बंद गटातली गोष्ट कुजबुजणारा माणूस सगळा अभ्यास नासवतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेले होते. बुधवारी सकाळी दाजींना स्कॅनसाठी नेण्याचे ठरले, रंगद्रव्य देऊन. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या दाराशी गेलो. ते फोनवर बोलत होते. त्यांनी हाताने 'थांबा' अशी खूण केली. मी थांबलो, त्यांचा फोन लांबला, मी परत आलो. नियम उघडेल त्या दाराला मी उगीच धक्का का द्यावा, असेही वाटले. स्कॅन ठरल्याप्रमाणे झाला.

गुरुवारी मूत्राची पिशवी रिकामी राहू लागली. शुक्रवारी क्रिएटिनीन साडेचारवर गेले आणि दाजींच्या मानेतल्या शिरेत डायलिसिसची नळी घातली गेली. जंतुसंसर्ग हटला होता. औषधाने आपले काम दोन्ही बाजूंनी केले होते. मूत्रपिंडे पुन्हा चालू होतील का, या प्रश्नावर तिथल्या डॉक्टरांनी अक्काला सांगितले की होतीलही, आणि नाहीही. सहा आठवडे वाट पाहू.

शनिवारी मी मॅडमच्या खोलीत गेलो. त्या जेवण आटोपून डबा धूत होत्या.

"बस. भरतेशचं कळलं मला. फार वाईट झालं."

"मॅडम, पडदा उघडला नाही."

त्यांनी डबा निथळायला उपडा ठेवला, हात पुसले. "कुठला पडदा?"

"नव्वदचा. लागोपाठ दोनदा गेला होता. मला यंत्रावरून कळलं."

"तो नियम मार्चमध्ये काढला आपण," त्या म्हणाल्या. "संमतिपत्राची चौथी आवृत्ती. पान अकरा, कलम सहा."

पान शोधण्याची त्यांना गरज नव्हती. माझ्या पिशवीत अक्काची प्रत होती. मी ती काढली. बंद गटातील निर्देशांक कोणत्याही मर्यादेपलीकडे गेला, तरी अभ्यास पूर्ण होईपर्यंत तो उघड केला जाणार नाही. खाली अक्काची सही, ठसठशीत, शिरोरेघेसह.

"मला कुणी सांगितलं नाही."

"सगळ्यांना मेल गेली होती. सुधारित कागदपत्रं जोडून."

आली होती. आठवड्याला अशा दहा मेल येत, आणि प्रत्येक आवृत्तीत शब्दांची किरकोळ डागडुजी असे. पाठ असलेला माणूस पुस्तक उघडत नाही. मी अर्धे वर्ष लोकांच्या हातात एक कागद देत होतो आणि कानात दुसराच सांगत होतो.

"नैतिकता समितीने मान्य केलं हे?"

"केलं. बंद गटाला नेहमीचे उपचार मिळतातच. जगात बाकी सगळ्यांना जे मिळतं, तेच." त्या खुर्चीत बसल्या. त्यांचा स्वर चढला नाही. "मागच्या अभ्यासात एकसष्ट पडदे उघडले, सन्मती. त्यांनाही वेळेत उपचार मिळाले आणि दोन गटांत फरकच उरला नाही. तज्ज्ञांनी शेरा मारला, 'उपयोग सिद्ध झालेला नाही.' चार वर्षं वाया. त्या चार वर्षांत गावोगावच्या रुग्णालयांत किती जणांची मूत्रपिंडं गेली असतील? त्यांची संमती कुणी घेतली होती?"

त्यांचे गणित कदाचित बरोबर असेल. पण मी गणिताबद्दल विचारायला आलो नव्हतो.

"मेलचं सोडा, मॅडम. मी रोज तुमच्यासमोर बसतो. तुम्ही मला तोंडी का नाही सांगितलंत?"

त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. पाण्याच्या टाकीची भिंत होती.

"तुला माहीत असतं तर ते तुझ्या आवाजात आलं असतं," त्या म्हणाल्या. "तू तो नियम सांगितलास की माणसं सही करतात. मी स्वतः ऐकलंय, बाहेरच्या बाकांवर. तुला बदल कळला असता तर तू अडखळला असतास. आणि तू अडखळलास की लोक उठून जातात."

"म्हणजे मी खोटं सांगतोय हे तुम्हाला ठाऊक होतं."

"तू खोटं सांगत नव्हतास. तुला खरंच वाटत होतं."

हे त्यांनी माझ्या बचावासाठी म्हटले असावे. मी उठलो. ज्या व्यक्तीने मला बोलायला शिकवले, तिने माझे अज्ञान एखाद्या नाजूक उपकरणासारखे धूळ लागू न देता जपले होते, वापरले होते. फसवणारी माणसे आपल्याकडून काहीतरी हिरावून घेतात, असे मी समजत होतो. मॅडमनी माझ्याकडून काही घेतलेच नव्हते. त्यांनी मला केवळ जसा होतो तसा राहू दिले.

त्याच दुपारी मी नैतिकता समितीला पत्र लिहिले. ती मंगळवारी भरणार होती. मग अक्काला शोधत गेलो. ती उपाहारगृहामागच्या पायऱ्यांवर दाजींचा टॉवेल पिळत होती. मी सगळे सांगितले. पान अकरा दाखवले. ते तिने दोनदा वाचले आणि घडी घालून परत दिले.

"सही माझी हाय. वाचायला मला येतं," ती म्हणाली. "ते सोड. तुला मशीनवरनं कळलं व्हतं?"

"हो."

"कवा?"

"मंगळवारी दुपारी."

"आणि तू काय केलंस?"

"वाट बघितली. पडदा उघडेल म्हणून."

तिने टॉवेल झटकला. पाण्याचे थेंब माझ्या चष्म्यावर उडाले. तिने तिकडे लक्ष दिले नाही. "ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "ह्या दवाखान्यावर भरवसा हाय म्हणून मान पुढं करून पडल्यात. तो गेला तर नळी उपसून घरी चला म्हणतील. सहा आठवडे काढायचेत मला." मग थोड्या वेळाने : "तुझ्यासाठी म्हणत न्हाई मी हे. तुझं आपलं नंतर बघू."

रविवारी दुपारी डायलिसिस आटोपल्यावर दाजींनी मला बोलावले. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. पिण्याचे पाणी मोजून मिळत होते. अक्का पायथ्याशी स्टुलावर बसली होती.

"काय शास्त्रज्ञ," ते म्हणाले, "तुमच्या मशीनला डुलकी लागलीती व्हय?"

अक्काने माझ्याकडे पाहिले. हो म्हणणे फार सोपे होते. यंत्रे बिघडतात, हे दाजींइतके कुणाला ठाऊक नव्हते. त्यांनी मला माफ करण्यासाठी वाक्यही तयार करून दिले होते. सहा आठवडे अक्काचे होते, मूत्रपिंडे दाजींची होती, आणि माझ्या शब्दाची जी किंमत उरली होती ती राहील की जाईल, एवढेच त्या क्षणी ठरायचे होते.

"नाही दाजी," मी म्हणालो. "त्याला कळलं होतं. मंगळवारीच."

अक्काने मान खाली घातली. मी दाजींना गटांविषयी सांगितले, काढून टाकलेल्या नियमाविषयी, चव्वेचाळीस मिनिटांविषयी, डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत आल्याविषयी. त्यांनी मानेतल्या नळीला हात लावला, पण उपसली नाही.

"ड्रोनची एक मोटर गरम व्हाय लागली की आवाज बदलतोय," ते म्हणाले. "बाकी कुणाला कळत न्हाई. मला कळतोय. मी मालकाला सांगतो, उडवू नको. मालक शिव्या देतोय, फवारणी ऱ्हायली म्हणतोय. कंपनीचा मान्साबी म्हणतोय, कागदावर सगळं बरोबर हाय. तरी सांगतो. खाली मानसं काम करत असत्यात रं."

त्यांची नजर पलीकडच्या खाटांवरून फिरली.

"हितं अजून कोण हाय असं, झाकलेलं?"

"नऊ नंबरला एक बाई आहेत. कवलापूरच्या."

"त्यांस्नी सही कर म्हणून कोण बोललं?"

"मीच."

"त्यांचं काय म्हणतंय मशीन?"

"आज सकाळी पहिल्यांदाच चव्वेचाळीस मिनिटं लागली."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"समितीला पत्र दिलंय. मंगळवारी बैठक आहे."

दाजींनी डोळे मिटले. मला वाटले, त्यांना झोप लागली. "आज काय वार?" त्यांनी तसेच विचारले.

"रविवार."

"मग हितं काय बसलायस?"

मी उठलो. वाट अरुंद होती. अक्काने पाय आवरून मला जाऊ दिले, पण वर पाहिले नाही. तिने पुन्हा केव्हा पाहावे हे ठरवण्याचा अधिकार आता माझ्याकडे नव्हता. विभागाच्या मधोमध ड्यूटीवरचे डॉक्टर कुणाची तरी फाइल लिहीत उभे होते. बुधवारचेच डॉक्टर. या वेळीही त्यांनी न पाहता हाताने 'थांबा' अशी खूण केली.

"थांबता येणार नाही," मी म्हणालो. "नऊ नंबरचं प्रतिजैविक आत्ता बंद करा. मूत्रपिंडांवर ताण आलाय."

"नऊ नंबर बंद गटात आहेत. तुम्हाला कसं कळलं?"

मी सांगितले. त्यांनी नमुन्याची वेळ विचारली, उत्तर ऐकून घेतले, एकदा दाजींच्या खाटेकडे पाहिले. मग फाइल तशीच उघडी टाकून ते नऊ नंबरकडे गेले आणि सलाइनच्या नळीवरचे चाक अंगठ्याने स्वतः फिरवून त्यांनी थेंब थांबवले. कवलापूरच्या बाई जाग्या होत्या. काय झाले म्हणून त्या आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"हे नोंदवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "कुणाच्या सांगण्यावरून लिहू? रिसबूड मॅडमच्या?"

"सन्मती आदगोंडा मगदूम," मी म्हणालो, आणि त्यांनी ते लिहून होईपर्यंत तिथे उभा राहिलो.